एकवीस दिवसांची वही

इगतपुरीहून नाशिक तासाभराच्या अंतरावर आहे. एवढ्याशा प्रवासाचं वर्णन लिहायला बसले आहे म्हटल्यावर माझी धाकटी बहीण हसली. "ताई, लोक काशीला, काश्मीरला जाऊन येतात आणि मग लिहितात. तू नाशिकला काय पाहिलंस?"  पण परत आल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण दबक्या आवाजात एकच विचारतो, औषधाच्या चाचणीत घेतात म्हणजे नक्की काय करतात हो? एकानं तर आमच्या यांच्यासमोरच प्रयोगशाळेतल्या उंदरांची गोष्ट काढली. त्याला चहा दिला, पण स्वयंपाकघरात जाऊन त्याच्या नावानं दोन शब्द पुटपुटलेच. ज्यांनी ते ठिकाण पाहिलं नाही, आणि देव करो आणि कधी पाहायची वेळ न येवो, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी प्रवासी कोण ते सांगते. माझे यजमान पाटबंधारे खात्यात कारकून होते. इगतपुरीजवळच्या एका धरणावर एकतीस वर्षं पावसाचं रजिस्टर त्यांच्याकडे होतं. वसाहतीत आणि गावात सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत, मीही चेष्टेनं म्हणू लागले आणि तेच नाव राहिलं. रोज सकाळी आठ वाजता पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, रजिस्टरला लिहायचं आणि बिनतारी संदेशानं खाली कळवायचं, हे त्यांचं काम. आमच्याकडचा पाऊस म्हणजे दिवसेंदिवस पलीकडचं घर दिसत नाही असा. तशा पावसातही हा माणूस डोक्यावर इरलं घेऊन आठच्या ठोक्याला मापकापाशी उभा असे. आणि उन्हाळ्यात, आभाळात ढगाचं नाव नसताना, त्याच रकान्यात रोज एक शब्द लिहीत असे, निरंक. सरकारी कागदावर रकाना रिकामा ठेवायचा नसतो. रिकामा ठेवला की वरून विचारणा येते. निरंक लिहिलं की विषय मिटतो. निवृत्तीनंतरही ही सवय गेली नाही. मी बाजारातून काय आणायचं म्हणून विचारलं तरी म्हणत, "निरंक."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या फुप्फुसात कर्करोग निघाला. आयुष्यात विडी ओढली नाही, तरी निघाला. औषधं झाली, केस गेले, परत आले, वर्षभर बरं गेलं. मग दिवाळीनंतरच्या तपासणीत गाठ पुन्हा दिसली. नाशिकच्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सांगितलं की आता नेहमीच्या औषधांतून फार काही हाती लागणार नाही. एक नवी चाचणी मात्र सुरू आहे. दोन औषधं, एक सलाइनमधून आणि एक गोळीची, दोन्ही एकत्र द्यायची. तुम्ही तिच्या नियमांत बसत असाल तर बघू. आम्ही घरी येऊन दोन दिवस विचार केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. आम्ही तिथेच हो म्हणालो.

उणे सहावा दिवस

त्या जगात दिवस मोजायची रीत वेगळी आहे. औषध ज्या दिवशी अंगात जाईल तो पहिला दिवस. त्याआधीचे सगळे उणे. आम्ही थंडीच्या ऐन दिवसांत एक बॅग, एक कुकर आणि पाच किलो इंद्रायणी तांदूळ घेऊन नाशिकला उतरलो तो उणे सहावा दिवस होता. दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर एक काचेची खोली, तिथे प्राजक्ता नावाची मुलगी बसते. चाचणीतल्या सगळ्या रुग्णांचे कागद, तारखा, फोन तिच्याकडे. वय असेल सत्तावीस, आमच्या भाचीएवढी. तिनं भाऊसाहेबांसमोर संमतीपत्र ठेवलं. बावीस पानं, मराठीत.

"काका, घरी नेऊन वाचा, समजलं नाही ते विचारा. घाई नाही."

भाऊसाहेबांनी तिथेच बाकावर बसून वाचलं. अडीच तास. मी मध्ये दोनदा चहा घेऊन आले. त्यांनी पानं परत दिली तेव्हा पानोपानी लाल शाईनं खुणा होत्या. कुठे वेलांटी सुधारलेली, कुठे वाक्य तोडून दोन केलेली. प्राजक्ताच्या तोंडचं पाणीच पळालं.

"अहो काका, हा नैतिकता समितीनं मंजूर केलेला कागद आहे! यात तुम्हाला एक स्वल्पविरामसुद्धा हलवता येणार नाही."

"मंजूर?" भाऊसाहेबांनी चटकन कानाच्या पाळ्या धरल्या. "चुकलो पोरी. मंजूर कागदाला पेन लावलं मी." तिनं नवी प्रत काढली आणि हे बिचारे तासभर अपराध्यासारखे बसून राहिले. नंतर तीच म्हणाली, "सुधारणा बरोबर आहेत तुमच्या. पुढच्या वेळी समितीकडे पाठवू."

मग डॉक्टर आले. समोर कॅमेरा सुरू केला, कारण समजावून सांगितल्याचीही नोंद लागते. ते सावकाश बोलले. ही अगदी सुरुवातीची चाचणी आहे. दोन्ही औषधं वेगवेगळी माहिती आहेत, पण एकत्र किती सोसतात ते माहीत नाही. म्हणून पायऱ्या केल्या आहेत. एका पायरीवर तिघं. त्यांचे एकवीस दिवस नीट गेले की पुढच्या तिघांना एक पायरी वर, म्हणजे जास्त औषध. तुम्ही दुसऱ्या पायरीवरचे तिसरे. "आणि काका, खरं सांगतो, या टप्प्याचा पहिला उद्देश तुम्हाला बरं करणं हा नाही. किती औषध सुरक्षित आहे ते शोधणं हा आहे. तुम्हाला फायदा झाला तर आनंदच. आणि त्रास ठराविक मर्यादेपलीकडे गेला तर आम्हाला औषध थांबवावं लागेल."

मला रागच आला. बरं करायचं नाही तर बोलावलं कशाला, असं अगदी ओठांवर आलं होतं. आज वाटतं, एवढं खरं बोलणारा डॉक्टर मिळाला हे नशीबच. पण बावीस पानं आणि अर्ध्या तासाचं बोलणं यांतून भाऊसाहेबांनी मनात धरलं ते एकच वाक्य, त्रास झाला तर औषध थांबेल. ते मला फार उशिरा कळलं.

मुक्काम

दवाखान्याजवळ राहायची सक्ती होती. आमची सोय मखमलाबादच्या बाजूला सुमनताईंच्या मळ्यात झाली. त्यांचा कोथिंबीर, मेथी आणि शेवंतीचा मळा. घरामागे दोन खोल्या, समोर पिवळ्या-पांढऱ्या शेवंतीचे वाफे. इगतपुरीत आम्ही थंडीला धुक्याची थंडी म्हणतो, ओली, कपड्यांत शिरणारी. इथली कोरडी. उन्हात बसलं की पाठ भाजते आणि सावलीत गेलं की दात वाजतात. सकाळी सुमनताई आणि त्यांच्या दोन जावा डोक्याला फडकी बांधून फुलं खुडायच्या, आणि ऊन वर यायच्या आत टोपल्या बाजाराकडे निघायच्या.

आम्ही भातखाऊ माणसं. सुमनताईंना ते पटेचना. "भात काय, आजारी माणसाचं जेवण! अंगात ताकद कशी यायची? बाजरी खावा, लसणाची चटणी घ्या." मी म्हटलं, अहो, आमच्याकडे भात नसेल तर जेवण झालं असं कुणी म्हणत नाही. शेवटी तह झाला. सकाळी त्यांची भाकरी आणि मेथीची गोळा भाजी, संध्याकाळी आमचा आसट भात. इंद्रायणीचा वास घरभर पसरला तेव्हा त्या वाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "असा भात आसंल तर मी बी आजारी पडते." भाऊसाहेब मनापासून हसले. हसताना खोकला आला, पण तो जुनाच होता.

पहिला दिवस

सकाळी नऊला सलाइन लावलं. काहीच घडलं नाही. मी काय समजत होते कोण जाणे, खोली हादरेल की काय! पारदर्शक पाणी थेंबाथेंबानं उतरत होतं आणि भाऊसाहेब त्या थेंबांकडे बघत होते. "मिनिटाला अठरा," ते म्हणाले. सवय जाते कुठे.

दुपारी प्राजक्तानं गोळ्यांची बाटली आणि एक वही दिली. रोज एक पान. गोळी कधी घेतली, ताप, उलटी, जुलाब, खोकला किंवा दम, अंगावर पुरळ, आणि इतर काही. "काका, चुकलं तर खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला सही आणि तारीख."

भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. "हे तर आमच्या खात्यासारखंच की गं! रजिस्टरला खाडाखोड केली तर साहेब खुर्चीतून उठायचे." दोघांची तिथून गट्टी जमली. येताना रिक्षात ते म्हणाले, "पोरगी कामाची आहे. कागद जपते."

आठवा दिवस

आठव्या दिवशी रक्त तपासायला गेलो. बाकावर शेजारी विलास नावाचे गृहस्थ होते. अंबडला एका कारखान्यात लेथवर काम करणारे, वय पंचेचाळीसच्या आसपास. त्यांचाही आजार तोच, तसाच उलटलेला. ते पुढच्या पायरीसाठी थांबले होते.

"काका, तुमचं ते औषध चालू झालं ना? कसं वाटतंय? खरं सांगा. मला लय भ्या वाटतं."

"काही नाही. अगदी निरंक," भाऊसाहेब म्हणाले.

विलासच्या खांद्यांतला ताण माझ्या डोळ्यांदेखत उतरला. मग ते मुलीबद्दल बोलत राहिले. दहावीला आहे, गणित पक्कं आहे, पण बापाच्या आजाराचं नाव निघालं की पुस्तक मिटते.

आत प्राजक्तानं वही उघडली. सात पानं, प्रत्येक रकान्यात एकाच वळणाचं सुंदर अक्षर. निरंक. निरंक. निरंक.

"काका, हे निरंक म्हणजे काही नाही, असंच ना?"

"काही नाही, पण रिकामंही नाही. पाहिलं, मोजलं आणि काही निघालं नाही," त्यांनी समजावलं.

"खोकला वाढलाय का?"

"छे. जुनाच आहे."

बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला, बसल्या जागी तो ठीक होता. रक्तही ठीक निघालं. येताना आम्ही एका टपरीवर मिसळ खाल्ली. त्यांनी तर्री मागून घेतली नाही, एवढंच मला खटकलं. इगतपुरीच्या फलाटावरची मिसळ त्यांनी कधी तर्रीशिवाय खाल्लेली नाही. पण त्या दिवशी मला आनंदात राहायचं होतं, म्हणून मी त्यावर विचार केला नाही.

दहावा दिवस

दोन भेटींच्या मध्ये मोकळे दिवस होते. नाशिकला आलेली माणसं रामकुंडावर जातात, देवळं करतात. भाऊसाहेबांना बघायचं होतं गंगापूर धरण. "सगळी हयात एका धरणावर काढली, आता दुसऱ्याचं बघतो," म्हणाले. जुनी ओळख सांगितल्यावर तिथल्या माणसानं फाटकातून आत सोडलं. मातीचं लांबच लांब धरण, उतारावर गवत, आणि वर जायला पायऱ्या. वरून पाणी दिसतं म्हणे, थंडीत दूरदेशचे पक्षी उतरतात.

पंधरा-वीस पायऱ्या चढल्यावर भाऊसाहेब थांबले. "हे गवत बघ. मुद्दाम लावलेलं असतं, मातीची धूप होऊ नये म्हणून." मी बघितलं. पुन्हा तेवढ्याच चढल्यावर थांबले. "आणि ही चर बघ. आत झिरपलेलं पाणी इथून बाहेर काढतात." तिसऱ्यांदा थांबले तेव्हा दाखवायला काही उरलं नव्हतं. एक हात गुडघ्यावर होता. ओठांभोवती निळसर छटा. छाती अशी वरखाली होत होती की स्वेटर हलताना दिसत होता. आणि तरी ते माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होते.

"अहो, दम लागलाय तुम्हाला."

"चढ आहे, लागायचाच."

"घरून निघालो त्या दिवशी जिना चढलात, तेव्हा नव्हता लागला."

 आम्ही वर गेलोच नाही. पक्षी पाहिले नाहीत, पाणी पाहिलं नाही. पायरीवर बसून मी डब्यातला दहीभात दिला, त्यातला त्यांनी अर्धा खाल्ला. खाली शेतांना सोडलेलं कालव्याचं पाणी उन्हात चमकत होतं. परतताना रिक्षावाल्यानं विचारलं, "धरण आवडलं का बाबा?" भाऊसाहेब म्हणाले, "उत्तम."

खोलीवर आल्यावर ते झोपले आणि मी वही काढली. नववं पान, खोकला किंवा दम, निरंक. दहाव्याची नोंद त्यांनी सकाळीच करून ठेवली होती. निरंक. मापकाकडे न जाता पाऊस लिहिला होता! या माणसानं! एकदा तापानं फणफणले असताना मी म्हटलं होतं, आजच्या दिवस अंदाजानं लिहा, कोण बघतंय. तर माझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

ते उठल्यावर मी वही समोर ठेवली. "हे काय आहे?"

त्यांनी शेवंतीच्या वाफ्यांकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "कधीपासून ते विचारू नकोस. सातव्या दिवसापासून जड वाटतंय. पण लिहिलं तर औषध बंद करतील. मग पुढे काय आहे सांग. दुसरं औषध कुठे आहे आपल्याकडे? ती गोळी घेताना वाटतं, काहीतरी चालू आहे. तेवढं तरी राहू दे."

 मी त्यांना रागावले नाही. वही मिटून उशाखाली ठेवली. मी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, खोटं लिहिलं म्हणून पोरांना पायांचे अंगठे धरायला लावले. आणि त्या दिवसापासून पाच दिवस मी स्वतः गप्प बसले. प्राजक्ताचा मध्ये फोन आला, "काकू, काका कसे आहेत?" मी म्हणाले, "बरे आहेत." त्यांना औषध हवं होतं, आणि मला ते हवे होते. एवढंच त्याचं कारण आहे, दुसरं कुठलंही नाही. त्याची लाज वाटते ती अजून गेलेली नाही.

पंधरावा दिवस

त्या दिवशी सुमनताईंनी एक शेवंतीचा गजरा माझ्या हाती दिला आणि एक फूल भाऊसाहेबांच्या खिशाला लावलं. "चांगलं निघंल बघा सगळं." तिसऱ्या मजल्यावर लिफ्टनं गेलो. विलास आधीच बसले होते. या वेळी सोबत मुलगी होती, दोन वेण्या, मांडीवर लिहायचं पॅड. मला बघून उठून उभी राहिली.

"काका!" विलासचा आवाज मोठा झाला. "बरं झालं भेटलात. मी सही केली कालच. तुमच्या तिघांचे दिवस नीट पार पडले, की आमची पायरी उघडणार. डॉक्टर म्हणले, जास्त डोस हाय, इचार करून सांगा. मी घरी म्हणलो, ते इगतपुरीचे काका माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठे. त्यांना काय झालं नाय तर मला काय व्हायचंय?"

भाऊसाहेब त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्या मुलीकडे. तिनं मान खाली घातली आणि गणित सोडवू लागली.

आमचा नंबर आला. प्राजक्तानं हात पुढे केला. "वही, काका." भाऊसाहेबांनी ती दिली नाही. छातीशी धरून ते उभेच राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी एवढा बारीक कधी ऐकला नव्हता, "खालची गावं आहेत गं."

मला लगेच कळलं. आमच्या धरणावर एका पावसाळ्यात मोठं पाणी सोडावं लागलं होतं. वर किती पडलं हे भाऊसाहेबांनी आठला कळवलं, म्हणून खालच्या गावांतली गुरंमाणसं दुपारच्या आत वर चढवता आली. खालच्या एका गावचे पाटीलबाबा नारळ घेऊन घरी आले होते. भाऊसाहेबांनी नारळ घेतला नव्हता. "मी फक्त आकडा लिहिला," म्हणाले होते.

"पेन दे," ते प्राजक्ताला म्हणाले.

तिच्या टेबलाशी बसून त्यांनी वही उघडली. सातवं पान. निरंक या शब्दावर एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. बाजूला सही, तारीख. वर लिहिलं, छाती जड, चालताना दम. आठवं पान, रेघ, सही, तारीख. नववं. दहाव्या पानावर त्यांनी लिहिलं, 'धरणाच्या पायऱ्यांवर तीन वेळा थांबलो. वर पोहोचलो नाही. ही नोंद आधी चुकीची केली होती.' चौदाव्या पानापर्यंत आठ रेघा आणि आठ सह्या. एकही सही वाकडी झाली नाही. प्राजक्ता उभी होती, तिचे डोळे भरले होते.  मी म्हणाले, "मलाही माहीत होतं. फोनवर मी खोटं सांगितलं."

"काकू, बसा तुम्ही," एवढंच ती म्हणाली आणि डॉक्टरांना बोलावायला धावली.

त्यानंतर सगळं भराभर झालं. व्हरांड्यात चालवून पाहिलं, तर चार मिनिटांत ऑक्सिजन खाली आला. छातीचा स्कॅन काढला, त्यात दोन्ही फुप्फुसांवर धुरकट पट्टे. डॉक्टरांनी सांगितलं, ही गाठ नाही, औषधानं आलेली सूज आहे. आणखी आठवडा गोळी चालू राहिली असती तर कदाचित हातात काही उरलं नसतं. त्यांना तिथेच दाखल केलं, सुजेवर औषध सुरू झालं आणि चाचणीची बाटली प्राजक्तानं गोळ्या मोजून परत घेतली. भाऊसाहेब त्या बाटलीकडे बघत होते. मी तोंड फिरवलं.

डॉक्टर रागावतील असं मला वाटलं होतं. ते पलंगाच्या कडेला बसले. "काका, उशीर केलात. पण सांगितलंत."

"पुढची पायरी?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"नाही उघडणार सध्या. याच पायरीवर आणखी तिघांना घेऊ. आणि प्रत्येकाला दर भेटीत चालवून बघू. बसल्या जागी काही कळत नाही, हे आम्हाला तुमच्यामुळं कळलं."

भाऊसाहेबांनी मान हलवली. मग डोळे मिटले. मला वाटलं झोपले. तर म्हणाले, "मग लिहून ठेवा तसं."

परतीनंतर

एकविसावा दिवस आम्ही दवाखान्यातच काढला. दम बराच कमी झाला तेव्हा सोडलं. सुमनताई निरोप द्यायला गेटपर्यंत आल्या, कोथिंबिरीच्या चार जुड्या आणि बाजरीचं पीठ बॅगेत कोंबून गेल्या. घाटाकडे गाडी लागली तशी ओळखीची गार हवा आत आली. भाऊसाहेबांनी काच खाली केली आणि मी ती वर केली.

चाचणी संपली, पण ती माणसं सोडत नाहीत. दर काही आठवड्यांनी प्राजक्ताचा फोन येतो. औषध नाही, तरी खबर घ्यायची असते. तिच्याकडूनच कळलं, विलास आमच्याच पायरीवर सुरू झाले. मग एकदा त्यांचाही फोन आला. "काका, तुमच्यामुळं मला दर आठवड्याला व्हरांड्यात चालवतात. सहा मिनिटं! पोरगी घड्याळ लावून मागं चालती." तो फोन ठेवल्यावर भाऊसाहेब खुर्ची ओढून उन्हात बसले.

गाठ वाढते आहे. हे लपवून काय करायचं? आता त्यांच्याकडे साधी शाळेची वही आहे. मी दिली नाही, त्यांनीच किराणावाल्याकडून मागवली. रोज सकाळी आठला तीत लिहितात. मी त्यात डोकावत नाही.

काल प्राजक्ताचा फोन आला. "काका, कसे आहात?" एरवी जन्मभर या प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर ठरलेलं. पण बोलायला गेले तर खोकला थांबेना. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि वही पुढे सरकवली. मी चष्मा लावून वाचू लागले. "रात्री खोकला दोन वेळा. उशा तीन लागल्या. भाकरी अर्धी, भात चार घास. अंगणापर्यंत चाललो, एकदा थांबलो."

पुढची ओळ पाहून मी थांबले. त्यांनी बोटानं वहीवर टिचकी मारली, वाच.

"भीती वाटते," मी वाचलं.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग प्राजक्ता म्हणाली, "लिहून घेतलं, काका."